रफ वही

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला इतक्या लहानपणी शिकवलं जातं की सव्वा लाख म्हणजे किती हे कळायच्या आधी मूठ झाकता येऊ लागते. शाळेत शेजारच्याला वही दिसू नये म्हणून डावा हात आडवा आणि त्यापुढे तटबंदी म्हणून कंपासपेटी उभी. वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी परीक्षेच्या दिवशी सकाळी भेटली की हमखास सांगणार, "माझा काहीच अभ्यास झालेला नाही गं." पुढे लग्नकार्यात एखाद्या मावशींच्या लोणच्याचं कौतुक करून कृती विचारावी, तर त्या वाटी-चमच्यासकट सगळं सांगतात, घरी करून पाहिल्यावर कळतं की एक जिन्नस मावशींनी स्वतःपाशीच ठेवून घेतलाय.

यात खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच मुठीत कोंबतो. एक, आपल्याला पक्कं येतं ते दुसऱ्याला कळू न देणं. दोन, आपल्याला धड येत नाही हे दुसऱ्याला कळू न देणं. पहिलीला लोक कंजूषपणा म्हणतात, दुसरीला सभ्यपणा. म्हणून पहिली सवय सुटते, दुसरी सुटत नाही. लोणच्याचा तो जिन्नस मावशी एखाद्या दुपारी लहर लागली तर सांगूनही टाकतात. पण "मला हे अर्धंच कळलंय, उरलेलं कुणी सांगेल का?" असं चारचौघांत विचारणारा माणूस मी हळदीकुंकवात, सोसायटीच्या सभेत किंवा शिक्षकांच्या खोलीत अजून पाहिलेला नाही. शिक्षकांच्या खोलीत तर नाहीच. तिथे गणित शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, म्हणून खात्रीने सांगते.

मूठ झाकण्यात सोळाव्या शतकातले इटलीतले गणितज्ञ मात्र आपल्या सगळ्यांचे बाप होते. बोलोन्याच्या विद्यापीठातल्या शिपिओने देल फेर्रो या प्राध्यापकाला घनसमीकरण, म्हणजे ज्यात क्षचा घन येतो ते, सोडवायची रीत सापडली. त्याने ती छापली नाही. त्या काळी कुणीही उठून प्राध्यापकाला जाहीर आव्हान द्यायचं आणि हरलं की नोकरीवर गदा यायची. अशा वेळी जवळ राखून ठेवलेलं एक सूत्र म्हणजे पेन्शनच. १५२६ साली मरण्यापूर्वी त्याने ती रीत फियोर नावाच्या शिष्याला सांगितली. शिष्य बेताचा, पण सूत्र हाती आल्यावर त्याला शिंगं फुटली आणि त्याने तार्ताल्या या गणितज्ञाला ललकारलं. १५३५ सालची ही स्पर्धा. दोघांनी एकमेकांना तीस-तीस गणितं घालायची. फियोरने तीसच्या तीस घनसमीकरणंच घातली, कारण त्याच्या पोतडीत दुसरं काही नव्हतंच. तार्ताल्याने ऐन वेळी रीत स्वतः शोधून काढली आणि दोनेक तासांत सगळी गणितं उडवून लावली. आणि मग काय केलं? त्यानेही मूठ झाकली.

मिलानमध्ये कार्दानो नावाचा एक वैद्य होता, गणिताचा नादी. त्याने तार्ताल्याच्या मागे लागून लागून १५३९ साली ती रीत मिळवली, कुठेही छापणार नाही अशी शपथ घेऊन. तार्ताल्याने ती सांगितली तीही कवितेत गुंफून, म्हणजे उघड करतानाही थोडी झाकलेलीच. पुढे कार्दानोला देल फेर्रोचे जुने कागद पाहायला मिळाले. मूळ शोध तार्ताल्याचा नव्हेच, मग शपथ कसली, असा सोयीचा अर्थ त्याने लावला आणि १५४५ साली दोघांची नावं देऊन रीत छापून टाकली. तार्ताल्या उरलेलं आयुष्य त्याला शिव्या घालत राहिला. शिव्या घालण्यासारखंच होतं, नाही असं नाही. पण मला या भानगडीतलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. सूत्र पंचवीस-तीस वर्षं मुठीत होतं तोवर त्यातून निघाल्या फक्त स्पर्धा आणि शपथा. कार्दानोच्या हाती ते आल्यावर त्याच्या फेर्रारी या शिष्याने त्याच्याच आधाराने पुढच्या, म्हणजे चौथ्या घाताच्या समीकरणाची रीत काढली, आणि तीही त्याच पुस्तकात छापून आली.

आपल्याकडचं एक उदाहरण जरा वेगळ्या चवीचं आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रासकडच्या सरकारी अधिकाऱ्याने गणितप्रेमींची एक मंडळी जमवली, तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. परदेशी नियतकालिकं वर्गणी काढून मागवायची आणि सभासदांत फिरवायची, हा मूळ उद्देश. सोसायटीचं ग्रंथालय होतं पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. तिच्या नियतकालिकात प्रश्नांचं एक सदर असायचं: कुणीही गणित घालावं, कुणीही सोडवून पाठवावं. १९११ साली त्या सदरात नोकरीच्या शोधात असलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणाने एक गणित घातलं. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत आणखी वर्गमूळ, असं अनंतापर्यंत, किंमत काढा. तीन अंक निघाले, सहा महिने गेले, कुणाचंही उत्तर आलं नाही. शेवटी त्यानेच सांगितलं, उत्तर ३ आहे. तरुणाचं नाव श्रीनिवास रामानुजन. चव्हाट्यावर प्रश्न टाकून सहा महिने दारावरच्या टपालाची वाट पाहणाऱ्या रामानुजनबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. आज सहा मिनिटांत निळ्या खुणा उमटूनही उत्तर आलं नाही की आपला जीव कासावीस होतो. अर्थात त्याला उत्तर आधीच येत होतं, आणि तो रामानुजन होता, हा फरक आहेच.

इंटरनेट आलं तसा हा चव्हाटा दिवसरात्र उघडा झाला. मराठी माणूस तिथे लवकर पोचला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची 'मायबोली' १९९६ सालची, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ई-मेल हा प्रकार फक्त ऐकला होता. पण चव्हाट्यावर जातानाही मूठ आपण बरोबर नेली. काही विचारायचं तर थेट नाही, "जाणकारांनी प्रकाश टाकावा" अशी प्रस्तावना. काही सांगायचं तर वर "माझ्या अल्पमतीप्रमाणे" आणि खाली, जुन्या वाण्याच्या बिलावर असायचं तसं, "चुभूद्याघ्या". मधल्या मजकुरात "बहुधा", "ऐकीव माहिती आहे" आणि "कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं" यांची पेरणी. इतकं चिलखत चढवल्यावर आतला माणूस चुकीचा निघाला तरी खरचटत नाही.

आणि तरीही सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते चिलखत न घालता चुकणाऱ्या माणसांमुळे, असं माझं निरीक्षण आहे. याला चक्क एक नियमही आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ साली पहिली 'विकी' सुरू केली, म्हणजे कुणीही येऊन दुरुस्त करावीत अशी पानं. विकिपीडिया हे तिचंच पुढचं भावंड. त्यांच्या नावावर सांगितला जाणारा नियम असा: इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर देऊन मोकळे व्हा. कनिंगहॅम स्वतः म्हणतात की आपण असं कधी म्हटलेलंच नाही. त्यांनी ही दुरुस्ती जाहीरपणे केली, आणि नियम त्यांच्याच नावाने फिरत राहिला.

नियम कुणाचाही असो, तो खरा आहे हे मी दिवाळीच्या तोंडावर आमच्या ग्रुपवर पाहिलं. न्यू जर्सीतल्या एका मुलीने लिहिलं, "काकू, चकली तेलात सोडली की विरघळतेय. काय चुकतंय?" सोबत फोटो. कढईत चकलीऐवजी तपकिरी गाळ. यावर तिला काय मिळावं? जोडलेले हात. "वा, परदेशात राहून घरी करतेस, कौतुक आहे!" मग एक पणती. मग उटण्याची जाहिरात. मग पुन्हा पणती, या वेळी हलणारी. ग्रुपवर चकलीत केस पांढरे केलेल्या निदान वीस बायका, पण एकीला उत्तर द्यावंसं वाटेना. बहुतेक प्रत्येकीला वाटलं असणार, कुणीतरी सांगेलच.

तासाभराने बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ठणकावून लिहिलं, "मोहन कमी पडलंय. दुप्पट घाला."

सांगलीपासून सिडनीपर्यंत ग्रुप ताडकन उठून बसला. "दुप्पट? मग चकली चमच्याने काढावी लागेल कढईतून!" "काका, मोहन जास्त झालं की विरघळते, कमी झालं की कडक होते. उलटं सांगताय." एकीने विचारलं, जे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं होतं: चार वाट्या भाजणीला मोहन घातलंस किती? पाऊण वाटी, असं उत्तर आलं. यावर एका आजींनी, ज्यांनी वर्षभरात ग्रुपवर एक अक्षर टाइप केलं नव्हतं, व्हॉइस नोट पाठवली: "पाऊण वाटी? अगं, पाव वाटी पुरे. आता त्यात कोरडी भाजणी मिसळ, गरम पाण्याने पुन्हा मळ, आणि तेल नीट तापल्याशिवाय घाण्याला हात लावू नकोस. एक बोट पीठ टाकून बघ, लगेच वर आलं पाहिजे." मग भाजणी किती भाजायची, चक्कीवर किती बारीक दळायची, सोऱ्याची चकती कुठली, यावर पंथ पडले. मोहन कडकडीत घालायचं की लोण्याचं, यावर कोकण आणि देश वेगळे झाले. तेलातले बुडबुडे शांत झाले की चकली झाली, हे माझ्या आईने मला सांगितलं होतं. का, हे सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या कुणाच्या तरी सुनेने सांगितलं: बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय; बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपलं, आणि पाणी गेल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही. इतकी वर्षं मी चकल्या तळतेय आणि हे साधं कारण मला कधी सुचलं नव्हतं.

रात्री न्यू जर्सीहून नवा फोटो आला. चकलीला काटा आलेला, ताटभर. खाली काकांनी लिहिलं, "मी तेच म्हणत होतो."

काकांची चेष्टा पुरे. त्या दिवशी ग्रुपवर जे ज्ञान बाहेर पडलं त्याचं श्रेय त्यांचंच आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला मदत करणं हे काम असतं, चुकणाऱ्याला दुरुस्त करणं हे सुख. कामाला माणसं उद्या येतात, सुखाला धावत येतात.

पण चुकीच्या उत्तराच्याही आधीची एक पायरी असते, ती म्हणजे उत्तर नसलेला, नुसता चाचपडणारा विचार. त्याची जागा रफ वहीत. शाळेत फेअर वही असते: समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा, वर तारीख. आणि एक रफ वही असते, मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेली. बाई तपासतात फेअर वही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेतही मुलं कच्चं काम करतात आणि मग त्यावर दोन तिरक्या रेघा मारून ते रद्द करतात. मला मात्र पेपर तपासताना रद्द केलेल्या त्या पानांचाच नाद होता. फेअर उत्तरातून एवढंच कळायचं की पोराला येतं किंवा येत नाही. कच्च्या कामातून कळायचं की तो कुठल्या वळणापर्यंत बरोबर आला होता, कुठे थबकला, आणि बरोबर वाट खोडून चुकीची का धरली. तरी फळ्यावर मी स्वतः आयुष्यभर फेअर वहीच लिहिली. सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ, मध्ये कुठे अडखळणं नाही. मुलांना वाटायचं, गणितं अशीच सुटतात.

जगातल्या काही थोर गणितज्ञांनी आपली रफ वही चव्हाट्यावर उघडून ठेवली, ती गोष्ट यासाठीच सांगायची आहे. टिमोथी गॉवर्स हे २००९ साली केंब्रिजचे प्राध्यापक होते, १९९८ सालचे फील्ड्स पदकाचे मानकरी. त्यांनी जानेवारी २००९मध्ये आपल्या संकेतस्थळावर विचारलं की न सुटलेलं एखादं अवघड काम पुष्कळांनी मिळून, सगळ्यांच्या देखत करता येईल का? १ फेब्रुवारीला त्यांनी कामही मांडलं.

काम समजायला फुल्ली-गोळा आठवावा. तीन बाय तीनच्या चौकटीत नऊ घरं. एका रेषेत तीन फुल्या न येऊ देता तुम्ही जास्तीत जास्त सहा फुल्या मारू शकता. सातवी मारली की रेष झालीच. आता ती चौकट उचलून सत्तावीस घरांचा घन करा, मग मनातल्या मनात चौथी मिती जोडा, पाचवी जोडा, जोडतच जा. प्रमेय असं म्हणतं की शंभरातलं एकच घर भरायचं ठरवलंत तरी, मिती पुरेशा वाढल्या की कुठे ना कुठे रेष होणारच, तुम्ही कितीही चतुराईने फुल्या मारा. हे खरं आहे हे १९९१ साली फुर्स्टेनबर्ग आणि कॅट्झनेल्सन यांनी सिद्ध केलेलं होतं, पण गणिताच्या भलत्याच शाखेतून मोठा वळसा घालून. गॉवर्सना हवी होती नुसत्या मोजदादीची, सरळ वाटेची सिद्धता.

त्यांनी काही नियमही घातले होते, आणि ते नियम मला प्रमेयाइतकेच आवडतात. नोंद छोटी असावी. विचार अर्धा असला तरी चालेल, बावळट वाटला तरी चालेल. घरी जाऊन आठवडाभर एकट्याने डोकं चालवून तयार उत्तर घेऊन येऊ नये. जे सुचलं ते सुचल्या सुचल्या मांडावं. आणि सौजन्य सोडू नये. म्हणजे शाळेत आपण जे जे करू नका म्हणून सांगतो, जवळजवळ ते सगळं. सौजन्य तेवढं सोडून.

पहिले सात तास कुणीच काही लिहिलं नाही. फील्ड्स पदकाचा मानकरी, आणि सात तास सामसूम! मग कॅनडातल्या एका प्राध्यापकाने पहिली नोंद टाकली. त्यानंतर पंधरा मिनिटांनी अॅरिझोनातला एक शाळामास्तर बोलला. त्यानंतर तीन मिनिटांनी टेरेन्स ताओ, तेही फील्ड्स पदकवाले. शाळामास्तर आणि ताओ एका ओळीत बसलेत, ही पंगत मला डोळ्यांसमोर आणून पाहायला फार आवडते. मग झुंबड उडाली. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० नोंदी लिहिल्या आणि १० मार्चला गॉवर्सनी जाहीर केलं की काम बहुतेक फत्ते झालंय. शोधनिबंध लेखकाच्या जागी डी. एच. जे. पॉलिमॅथ हे टोपणनाव घालून २०१२ साली 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आला. आद्याक्षरं त्या प्रमेयाची.

टोपणनावाचं आपल्याला अप्रूप नको. घराण्यांनी जिवापाड जपलेल्या चिजा गोळा करून स्वरलिपीसह छापणारे मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनीही संगीतशास्त्रावरचा आपला संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने काढला होता. मूठ उघडणाऱ्यांना कधीकधी नाव झाकावंसं वाटतं, एवढं खरं.

त्या ८०० नोंदी आजही कुणालाही वाचता येतात. मला त्यातलं गणित सगळं झेपत नाही, निम्मंही नाही. पण मी ते प्रकरण वाचते ते गणितासाठी नाहीच. एक थोर माणूस सकाळी लिहितो की ही वाट बरोबर दिसतेय, दुपारी दुसरा थोर माणूस त्यात भोक दाखवतो, संध्याकाळी पहिला म्हणतो, हो, भोक आहे खरं. एवढंच. कुणी रुसत नाही, कुणी ग्रुप सोडत नाही. हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवू शकले असते तर गणिताला घाबरणारी पोरं निम्म्याने कमी झाली असती.

आता कुणी म्हणेल, मग सगळंच चव्हाट्यावर न्यावं. नाही. उघड्यावर शिकायला चकलीच्या कढईसारखं काहीतरी लागतं, जिथे खरंखोटं त्याच रात्री कळतं. गणितात सिद्धता ते काम करते, प्रोग्रामरांकडे संगणक करतो: चाललं किंवा नाही चाललं. राजकारणावरच्या वादात अशी कढई नसते, म्हणून तिथे लोक वर्षानुवर्षं तळतात आणि काहीच तळून निघत नाही. तिथला ठरलेला शेरा "अभ्यास वाढवा". हा शेरा मारणाऱ्याने स्वतःचा अभ्यास दाखवल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याची मूठ अजून सव्वा लाखाची असते.

आणि एकांतालाही त्याचं माप द्यायला हवं. एकेका जोडीत दोनचंच अंतर असलेल्या मूळ संख्या, म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९, अशा जोड्या अनंत आहेत का, हे कुणालाच ठाऊक नाही. दोन जाऊ द्या, ठरावीक अशा कुठल्याही मर्यादेच्या आत अंतर असलेल्या जोड्या अनंत आहेत हेही कुणाला दाखवता येत नव्हतं. ते २०१३ साली यितांग झांग यांनी दाखवलं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात साधे अध्यापक, वय पन्नाशीच्या पुढे, वर्षानुवर्षं एकट्याने, कुणाला न सांगता काम केलेलं. त्यांची मर्यादा होती ७ कोटी. हसू नका, अनंताच्या मानाने ७ कोटी म्हणजे घरातलीच रक्कम. ही वाट चव्हाट्यावर सापडली असती असं मला वाटत नाही. पण वाट सापडल्यावर ताओंच्या पुढाकाराने पॉलिमॅथची मंडळी पुन्हा जमली आणि त्यांनी ७ कोटींचे दोनेक महिन्यांत ४,६८० करून दाखवले. कुणी इकडून थोडं घासलं, कुणी तिकडून. मग जेम्स मेनार्ड या तरुणाने पुन्हा एकट्यानेच नवी युक्ती काढून आकडा ६०० वर आणला, आणि मंडळींनी ती युक्तीही आपल्या कामात घेतली. एकट्याने कुदळ मारायची आणि चारचौघांनी माती उपसायची, अशी ही पाळी चालली.

मंडळींची सगळी कामं तडीस गेली असंही नाही. २०१० साली हाती घेतलेलं एक कोडं, पॉल एर्डिश यांचं, काही महिन्यांच्या धडपडीनंतर थंडावलं. रफ वहीची पानं तशीच पडून राहिली, कुणालाही दिसतील अशी. २०१५च्या सप्टेंबरात ताओंनी दुसऱ्याच विषयावर काही लिहिलं होतं, त्याखाली एका वाचकाने सहज विचारलं की याचा त्या जुन्या कोड्याशी काही संबंध आहे का? ताओंना आधी वाटलं, साम्य वरवरचं आहे. मग नीट पाहिलं तर नव्हतं. त्याच महिन्यात, मंडळींनी २०१० साली अर्ध्यावर सोडलेल्या कामाचा आधार घेऊन, त्यांनी ते कोडं सोडवलं आणि निबंधात त्या वाचकाचे आभार मानले. "याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?" या प्रश्नात लाजण्यासारखं तसं काही नाही. पण असे किती प्रश्न आपण टाइप करून पुसून टाकतो, हे ज्याचं त्याला माहीत.

ते मूळ संख्यांचं काम राहिलंच. मेनार्डच्या ६०० वरून मंडळींनी २०१४ साली आकडा २४६ वर आणला. पोचायचं आहे २ पर्यंत. इतकी वर्षं झाली, २४६ चे २४५ देखील कुणाला करता आलेले नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. नसलात जाणकार, तरी टाकावा.